दक्षिणेंतील मंदी आणि नगर प्रांतींचीं कर्जखतें

जुन्या घराण्यांचीं दप्तरें तपासतांना एक गोष्ट वारंवार आमच्या नजरेस आली आहे. बासन सोडल्यावर सनदा, इनामपत्रें, महजर व वतनाचे निवाडे हे कागद संग्राहक प्रथम बाजूस काढतात. मागून सरदारांच्या घरगुती पत्रांची निवड होते. आणि शेवटीं तळाशीं स्टांपाच्या कागदांचा जो गठ्ठा उरतो, तो 'अलीकडचा' म्हणून पुनः बांधून ठेवण्यांत येतो, अथवा रद्दीवाल्याच्या तागडींत जातो. इंग्रजी अमलानंतरच्या कर्जखतांत इतिहास तो काय असावयाचा, अशी समजूत या वागणुकीच्या मुळाशीं आहे. ती किती अपुरी आहे हें दाखविण्यास अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्याइतकें चांगलें उदाहरण आम्हांस दुसरें दिसत नाहीं. सन १८७५ च्या उन्हाळ्यांत या जिल्ह्याच्या पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत या तालुक्यांतील कुणबी सावकारांच्या दारांवर चालून गेले, तेव्हां त्यांनीं मुख्यत्वें मागितलीं तीं हींच खतें. आणि हातीं आलीं तेथें जाळलीं. ज्या कागदास आपण आज रद्दींत घालतों त्याच्या पायीं पुणें व नगर या दोन जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसें धरलीं गेलीं व त्यांपैकीं ५०१ जणांस शिक्षा झाल्या.

सरकारी भाषेंत या प्रकरणास 'दख्खनचे दंगे' असें नांव पडलें. दंग्याची हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. त्याच्या मागील दहा वर्षांची मंदी, आणि त्या मंदीनें एका साध्या कागदाच्या अंगीं आणलेलें बळ, यांचा विचार मात्र त्या मानानें थोडा झाला आहे. तो येथें करण्याचें योजिलें आहे.

नगर जिल्ह्याचा दक्षिण व नैर्ऋत्य भाग म्हणजे घोड, भीमा व सीना या नद्यांच्या आसपासचा अवर्षणाचा मुलूख. पारनेरकडील माळ उंच व उथळ मातीचा. श्रीगोंदें-कर्जतकडे काळी जमीन आहे, पण पावसाचा भरंवसा तेथेंहि नाहीं. बाजरी व ज्वारी हीं येथील मुख्य पिकें. एक साल बरें गेलें तर दुसरें हातचें जावयाचें, हा येथला नित्याचा क्रम असल्यामुळें बी-बियाणें, बैल, सारा व लग्नकार्य यांकरितां सावकाराच्या दारीं जाणें कुणब्यास कधींच चुकलें नाहीं. तेव्हां कर्ज ही इंग्रजी राज्यानें आणलेली नवी गोष्ट होती असें कोणीं म्हटल्यास तें खरें नव्हे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें पेशव्यांपासून जिंकलेल्या मुलखाविषयीं सन १८१९ मध्यें जो अहवाल लिहिला, त्यांतहि कर्जवसुलीच्या देशी पद्धतीचें वर्णन आहे. सावकार तगादा लावी, ऋणकोच्या दारांत धरणें धरून बसे, प्रसंगीं पंचायत भरवी. परंतु या सर्व उपायांस गांवाची लाज व पाटलाची मध्यस्थी यांची मर्यादा असे; आणि व्याज मुदलाच्या वर जाऊं नये, हा दामदुपटीचा नियम सर्वमान्य होता. शिवाय कुणब्याची जमीन लिलावांत विकत घेऊन सावकारानें करावयाचें काय, हाहि प्रश्न असे. कारण सारा इतका भारी कीं, जमीन हातीं येणें म्हणजे पुष्कळदां केवळ सरकारदेणें पदरीं येणें.

पेशवाई बुडाल्यावर ही घडी हळूहळू मोडली. सन १८२८ च्या सुमारास प्रिंगल साहेबानें बसविलेला सारा जड होता. त्यांतच धान्याचे भाव घसरले व १८३२-३३ चा दुष्काळ आला. म्हणजे मंदीचा हा पहिला धडा दक्षिणेनें दंग्याच्या चाळीस वर्षें आधींच घेतला होता. पुढें विंगेट व गोल्डस्मिड यांनीं सन १८३६ पासून इंदापुराकडे नव्या पाहणीचें काम सुरू केलें, आणि १८४८ च्या सुमारापासून तीच पद्धत नगर जिल्ह्यांत आली. सारा हलका झाला, तीस वर्षांकरितां कायम झाला, आणि जमीन खातेदाराच्या नांवें स्वतंत्रपणें लागली. या सुधारणेची स्तुति पुष्कळांनीं केली आहे व ती अस्थानीं नाहीं. परंतु तिची दुसरी बाजू खतांच्या अभ्यासकानें विसरतां कामा नये. हलक्या साऱ्यामुळें जमिनीस किंमत आली. आणि किंमत आली म्हणूनच ती गहाण पडण्याजोगी झाली. पूर्वीचा सावकार पिकाकडे पाहून उधार देत असे, तो आतां शेताच्या तुकड्याकडे पाहून देऊं लागला.

याच्या जोडीस तीन कायदे आले. सन १८५५ च्या २८ व्या कायद्यानें व्याजाच्या दरावरील जुनें बंधन उठलें. सन १८५९ मध्यें दिवाणी कामाच्या रीतीचा कायदा होऊन हुकूमनामा, जप्ती व लिलाव यांची वाट सर्वत्र एकसारखी व सोपी झाली. आणि त्याच सालच्या १४ व्या कायद्यानें दाव्याची मुदत ठरविली. नोंदणी न झालेल्या खतावर तीन वर्षांच्या आंत फिर्याद केली पाहिजे, नाहींतर खत बुडालें. हा तिसरा कायदा ऋणकोच्या हितासाठीं केलेला होता. कुणब्यावर जुनीं, विसरलेलीं खतें काढून दावे होऊं नयेत, हा त्याचा हेतु. परिणाम काय झाला तें पुढें सांगूं.

आतां तेजीकडे वळूं. सन १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. त्यापूर्वीं विलायतेच्या गिरण्यांस लागणाऱ्या कापसाचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग अमेरिकेंतून येत असे. १८६१ मध्यें तिकडून २० लाखांवर गठ्ठे आले होते. १८६२ मध्यें ते अवघे ५५ हजार आले. ही तूट हिंदुस्थानच्या कापसानें भरून काढावयाची असें ठरल्यावर मुंबईच्या पेढ्यांनीं आपला पैसा आंतील सावकारांकडे लोटला, आणि त्या सावकारांनीं तो गांवोगांवच्या वाण्यांकडे. कापूस पेरण्याच्या बोलीवर एकरामागें १०० रुपयांपर्यंत आगाऊ रक्कम कुणब्यास मिळाल्याचे दाखले आहेत. ज्या माणसास पूर्वीं वीस रुपयांसाठीं चार खेपा घालाव्या लागत, त्याच्या दारीं सावकार आपण होऊन येऊं लागला. १८६० ते १८६४ या काळांत मुंबई इलाख्यांतील कापसाची लागवड दुपटीवर गेली.

नगर हा खानदेशाप्रमाणें कापसाचा मुलूख नव्हे, मग तेथें या तेजीचा लाभ कसा झाला, अशी शंका वाचकांस येईल. तेथें कापसापेक्षां कापसाच्या भोंवतीं फिरणारा पैसा अधिक आला. धान्य महाग झालें. बोरघाटांतील आगगाडीचें काम १८६३ पर्यंत व थळघाटांतील १८६५ पर्यंत चाललें, आणि त्याच्या मजुरीचा रोकडा पैसा देशावरच्या खेड्यांत परत आला. बैल व गाडी बाळगणाऱ्यास भाडें मिळूं लागलें. नगर शहरास स्वतःची आगगाडी येण्यास अजून अवकाश होता, म्हणून उत्तरेची व दक्षिणेची लोहमार्गावरील ठाणीं गांठावयाचीं तीं बैलगाडीनेंच. मजूर, गाडीवान व धान्य विकणारा कुणबी या तिघांच्याहि हातीं एकाच वेळीं पैसा खेळूं लागला तेव्हां जमिनीचा भाव चढला, आणि भाव चढला तशी पत वाढली. पत वाढली म्हणजे कर्ज वाढलें, एवढाच त्याचा अर्थ. तेजीच्या काळांत कुणबी कर्जमुक्त झाला असें समजणें चुकीचें होईल. त्याचें कर्ज त्या वेळीं त्यास जड वाटत नव्हतें, इतकेंच.

मुंबईंत याच पैशानें शेअरांचें वेड माजविलें. बॅकबेच्या समुद्राची भरणी करणाऱ्या कंपनीच्या ५,००० रुपयांच्या शेअरावर त्याच्या कित्येक पट चढभाव मिळत असे, आणि प्रेमचंद रायचंद यांचा शब्द म्हणजे बाजाराचा शब्द झाला होता. एप्रिल १८६५ मध्यें जनरल ली शरण आला. अमेरिकेचा कापूस पुनः येणार हें निश्चित झालें. आणि १ जुलै १८६५ रोजीं, वायद्यांच्या फेडीच्या दिवशीं, मुंबईचा बाजार बसला. पुढें मुंबईची सरकारी बँकहि बुडून १८६८ मध्यें तिचें दिवाळें आवरावें लागलें. शहरांतील या पडझडीच्या कथा रसाळ आहेत, व त्या अनेकांनीं लिहिल्या आहेत. आमचा विषय खेड्यांतला आहे.

खेड्यांत मंदी त्याच दिवशीं आली नाहीं, ही गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. कापूस उतरला तरी कांहीं वर्षें अपुऱ्या पावसामुळें व चालू असलेल्या सरकारी बांधकामांमुळें धान्य महागच राहिलें. तेजी संपली हें कुणब्यास कळलें नाहीं. आणि, याहून नवल म्हणजे, पाहणीच्या अंमलदारांसहि तें उमगलें नाहीं. इंदापुरांत तीस वर्षांची मुदत १८६७ च्या सुमारास संपली, व फेरपाहणी होऊन सारा मोठ्या प्रमाणावर वाढला. पाठोपाठ पुणें जिल्ह्यांतील इतर तालुक्यांचीहि पाळी आली. वाढीचा आधार काय, तर चढलेले भाव व जमिनीची वाढलेली किंमत. चार वर्षांच्या परक्या युद्धानें आलेली भरती कायमची समजून तिच्यावर तीस वर्षांचा आंकडा बसविण्यांत आला, यापेक्षां वेगळा शब्द आम्हांस त्या कृत्यास सुचत नाहीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें (स्थापना १८७०) शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करून १८७३ मध्यें आपला अहवाल पुढें मांडला, त्याच्या मागें हीच चिंता होती.

१८७१ च्या पुढें पिकें बरीं आलीं आणि भाव कोसळले. वाचकांस हें विचित्र वाटेल, पण रोख देणें असलेल्या माणसास मुबलक पीक हेंहि संकट होऊं शकतें. सारा रोख, व्याज रोख, हप्ता रोख; धान्याचा भाव अर्ध्यावर आला तर तेंच देणें फेडण्यास दुप्पट पोतीं घालावीं लागतात. बांधकामें संपत आलीं होतीं, तेव्हां मजुरीचा आधारहि गेला. बाहेरच्या जगांतहि याच वेळीं व्यापाराचा मोड झाला; मे १८७३ मध्यें व्हिएन्नाचा बाजार बुडाला, सप्टेंबरांत अमेरिकेंतील जे कुक यांची पेढी बसली, आणि युरोप-अमेरिकेंत पुढें बरींच वर्षें चाललेल्या मंदीस सुरुवात झाली. कोणी कोणी नगरच्या दंग्याचा संबंध थेट या घडामोडींशीं लावूं पाहतात. आम्हांस तें ओढूनताणून आणलेलें वाटतें. दक्षिणेंतील भावांची घसरण त्या आधींच सुरू झाली होती. तिचें मूळ १८६५ च्या ओहोटींत आहे. एवढें मात्र खरें कीं, मुंबईपासून खेड्यापर्यंत जी उसनवारीची साखळी होती ती वरून आंखडूं लागली तेव्हां तिचा ताण शेवटच्या कडीवर, म्हणजे गांवच्या वाण्यावर, आला; आणि त्यानें तो कुणब्यावर टाकला.

येथें १८५९ च्या मुदतीच्या कायद्याचें काम सुरू होतें. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकारास दोनच वाटा; फिर्याद करावी, किंवा जुनें खत रद्द करून व्याजासह नवें लिहून घ्यावें. बहुतेक ठिकाणीं दुसरी वाट पत्करली जाई, आणि मागील मुद्दल व व्याज मिळून नव्या खताचें मुद्दल होई. हिशेब करून पाहावा. १०० रुपये दरमहा दरशेंकडा दोन रुपये व्याजानें दिले. तीन वर्षांत व्याज ७२. नवें खत १७२ चें. पुनः तीन वर्षांनीं तें सुमारें २९६ चें. आणि नऊ वर्षें पुरीं होतांना ५०९ चें. मूळचें एकच खत नऊ वर्षें तसेंच चाललें असतें तर सरळ व्याजानें ३१६ झाले असते, व जुन्या दामदुपटीप्रमाणें २०० वर थांबले असते. दामदुपटीचा नियम कोणी रद्द केला नव्हता. परंतु दर तीन वर्षांनीं मुद्दलच नवें होऊं लागल्यावर त्या नियमास धरावें कोठें? त्यांत खत लिहितांना कापली जाणारी मनोती व बट्टा, म्हणजे हातीं पडावयाचे नव्वद आणि कागदावर शंभर, हीं वेगळींच. १०० रुपयांच्या कर्जावर २,००० हून अधिक व्याज आकारल्याचें एक उदाहरण पुढें चौकशींत बाहेर आलें, तें अशक्य कोटींतलें नव्हे, हें वरील आंकडेमोडीवरून ध्यानांत येईल.

तेजीच्या दिवसांत हें नवें खत लिहून देणें कुणब्यास फारसें टोंचलें नाहीं, कारण धान्याचा भाव खताबरोबर चढत होता. मंदींत खत चढत राहिलें व धान्य उतरलें. ऋणकोच्या हितासाठीं केलेला कायदा मंदींत त्याच्याच गळ्यास लागला, तो असा.

सावकाराची बाजूहि नमूद केली पाहिजे, नाहींतर आमच्या लिहिण्यास एकांगीपणा येईल. खेड्यांतला मारवाडी किंवा गुजर वाणी हा बहुधा लहान भांडवलाचा माणूस. त्याच्यावर पुण्याच्या वा मुंबईच्या पेढीचें देणें असे. मुदतीच्या कायद्यानें त्यासहि धीर धरण्याची सोय उरली नाहीं. शिवाय सरकारनें साऱ्याच्या बाकीविषयीं कांहीं सवलतीचे हुकूम काढले. १८७४ च्या ठरावानें फेरपाहणींतील वाढीस तालुक्यास ३३, एका गांवास ६६ व एका खात्यास १०० टक्के अशी मर्यादा घालण्यांत आली; आणि १८७५ च्या आरंभीं जंगम मालमत्ता विकल्यावांचून साऱ्यासाठीं जमीन विकूं नये असें फर्मावलें. हेतु चांगला, परंतु पूर्वीं आपल्या गहाणाची जमीन सरकारांत जाऊं नये म्हणून सावकार कुणब्याचा सारा मुकाट्यानें भरी, त्यास आतां तसें करण्याची निकड राहिली नाहीं. त्यानें हात आंखडला. ऐन मंदींत, साऱ्याच्या हप्त्याच्या वेळीं, उधार बंद झाली. दावे मात्र चालू राहिले, आणि त्यांतील बहुतेक एकतर्फी निकालांत निघत. समन्स घेऊन मैलोगणती कोर्टांत जावें, वकील द्यावा, आणि आपल्याच निशाणीच्या खतास नाहीं म्हणावें, एवढें कुणब्याच्या आंवाक्यांतलें नव्हतें.

ठिणगी पडली ती नगरच्या सीमेलगत, शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं. डिसेंबर १८७४ मध्यें काळूराम नांवाच्या सावकारानें तेथील बाबासाहेब देशमुख यांच्यावर १५० रुपयांचा हुकूमनामा मिळविला व त्याच्या बजावणींत देशमुखांचें घर घेऊन तें पाडण्यास आरंभ केला. देशमुख कुलवान, त्यांच्या वाड्याचीं लांकडें निघतांना पाहून गांव खवळला. प्रथम दंगा झाला नाहीं. गांवकऱ्यांनीं एकत्र येऊन मारवाडी-गुजरांशीं व्यवहार बंद केला. त्यांचें शेत कोणीं करूं नये, न्हाव्यानें हजामत करूं नये, पाणक्यानें पाणी भरूं नये असें ठरविलें, व कित्येक गांवीं समापत्रें लिहून तीं शेजारच्या गांवांस धाडलीं. हीं समापत्रें म्हणजे जुन्या गोतसभेच्या कागदांचाच वंश होय, आणि एखाद्या पाटलाच्या दप्तरांत असें एखादें अजून पडलें असेल तर संग्राहकानें तें सनदेच्या तोलाचें समजावें.

शके १७९७ युवनाम संवत्सरीं, वैशाख शुद्ध पक्षांत, ता. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं पहिला मोठा दंगा झाला. दुकानें लुटलीं गेलीं व वह्या-खतांची होळी झाली. तेथून तें लोण भीमा व घोड ओलांडून नगर जिल्ह्यांत आलें, आणि श्रीगोंदें व पारनेर तालुक्यांत विशेष पसरलें. दोन्ही जिल्ह्यांत मिळून तीसांहून अधिक गांवीं गडबड झाली. पोलीस अपुरे पडले तेव्हां लष्कराची मदत घेण्यांत आली, आणि मागाहून दंगेखोर गांवांत पोलिसांचीं ठाणीं बसलीं. विलायतेच्या राणीनेंच मारवाड्यांकडील खतें काढून घेण्याचा हुकूम पाठविला आहे, अशी एक वदंता त्या वेळीं गांवोगांव फिरत होती. राजा दूर असला म्हणजे तो न्यायी आहे असें मानण्याकडे लोकांचा कल असतो.

या दंग्यांत एक शिस्त दिसते, ती सरकारी चौकशीकारांसहि मान्य करावी लागली. सावकारानें खतें काढून दिलीं कीं जमाव बहुधा पुढें कांहीं न करतां निघून जाई. नकार दिला, किंवा खतें लपविलीं, तरच मारहाण किंवा आग. मनुष्यहानि जवळजवळ नव्हती. रोख मारवाडी व गुजर सावकारांवर होता. ब्राह्मण सावकारांस फारसा धक्का लागला नाहीं. यावरून हा केवळ परकीयांचा द्वेष होता असा निष्कर्ष कोणी काढतात. परका माणूस गांवच्या लाजेस बांधलेला नसतो, आणि म्हणून कायद्याची सर्व धार तोच वापरतो. द्वेषाचें मूळ आमच्या मतें येथें आहे.

मुंबई सरकारनें चौकशीसाठीं मंडळ नेमलें. त्यांत रिची, लायन, शंभुप्रसाद लक्ष्मीलाल व वायव्य प्रांतांतून आणलेले ऑकलंड कॉल्विन हे सभासद होते. त्यांचा अहवाल १८७६ मध्यें निघाला, व १८७८ मध्यें विलायतच्या पार्लमेंटपुढें ठेवला गेला. नगर जिल्ह्यांतील निवडक बारा गांवांच्या तपासणींत त्यांस असें आढळलें कीं, सुमारें एक-तृतीयांश खातेदार कर्जांत बुडालेले आहेत; त्यांचें कर्ज त्यांच्या साऱ्याच्या सरासरी अठरापट आहे; आणि त्यांतील जवळजवळ दोन-तृतीयांश जमिनीच्या गहाणावर आहे. हे तीन आंकडे आमच्या विवेचनाचा कणा आहेत. सारावाढ हें दंग्याचें मुख्य कारण नव्हे असें मंडळानें म्हटलें, तें सरकारची बाजू सांभाळण्यासाठीं, असा आक्षेप तेव्हांपासून घेतला जातो. तो सर्वस्वीं खोटा नाहीं. परंतु नगरच्या तालुक्यांपुरतें बोलावयाचें तर, पहिल्या पाहणीची तीस वर्षांची मुदतच १८७५ मध्यें पुरी झाली नव्हती. वाढीची धास्ती शेजारून आली असेल, वाढ आली नव्हती. तरीहि पारनेर-श्रीगोंद्यांत खतें जळलीं. पुणें जिल्ह्यांत सारा व खत हे दोन्ही विस्तव होते. नगरांत एकटें खत पुरेसें झालें. दंग्याचें कारण शोधूं पाहणाऱ्यास नगरचा कागद पुण्याच्या कागदाहून अधिक उपयोगी, तो याचकरितां.

अहवालाची शाई वाळते न वाळते तोंच १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ आला. ज्या कुणब्याची पत १८७५ मध्यें संपली होती त्यास या वेळीं उधार धान्यहि मिळेना. दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून १८७८ मध्यें सुरू झाला. मग १८७९ चा १७ वा कायदा, 'दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा' म्हणून जो प्रसिद्ध आहे तो, पुणें, नगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांस ता. १ नोव्हेंबर १८७९ पासून लागू झाला. न्यायाधीशानें खताच्या पाठीमागें जाऊन व्यवहाराचा मुळापासून हिशेब करावा, हप्ते बांधून द्यावे, कर्जासाठीं शेतकऱ्यास कैद करूं नये, तडजोडीसाठीं सलोखा करणारे नेमावे, अशा त्याच्या तरतुदी होत्या. महादेव गोविंद रानडे यांनीं या कायद्याखालील कामांवर देखरेख करण्यांत पुढें कित्येक वर्षें घालविलीं. जोतीराव फुले यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ मधला. शेतकऱ्याचें कर्ज हा विषय तोंपर्यंत सर्वांच्या तोंडीं झाला होता.

आमच्या दृष्टीनें या कायद्यांतील सर्वांत महत्त्वाची तरतूद निराळीच आहे. यापुढें शेतकऱ्याचें खत गांवनोंदणी कामगारापुढें लिहिलें गेलें पाहिजे, असें ठरलें. म्हणून १८७९ च्या अलीकडचीं व पलीकडचीं खतें पाहतांक्षणीं ओळखूं येतात. आधींचें खत सावकाराच्या ओटीवर, त्याच्याच कारकुनाच्या किंवा गांवच्या कुळकर्ण्याच्या मोडींत लिहिलेलें. नंतरच्यावर नोंदणीचा शिक्का व शेरा. सावकारांनींहि नवी युक्ति काढली. गहाणखत कोर्टांत उलगडलें जातें असें दिसल्यावर ते सरळ खरेदीखत करून घेऊं लागले, आणि पैसे फेडल्यास जमीन परत देण्याचा करार तोंडीं ठेवूं लागले. तेव्हां १८८० नंतरच्या बासनांत खरेदीखतें वाढलेलीं दिसलीं तर जमिनीची विक्री वाढली असा अर्थ घाईनें करूं नये. त्यांतलीं कित्येक मनांतून गहाणच होत. पुढें या पळवाटेसाठीं कायद्यांतच निराळें कलम घालणें भाग पडलें.

आतां संग्राहकांस दोन शब्द. या काळचें खत हातीं आल्यास प्रथम त्याची रक्कम पाहूं नये. रक्कम कोठून आली तें पाहावें. "रोख घेतले" म्हणून लिहिलेला आंकडा व "मागील खताचे मुद्दल-व्याजासुद्धां" म्हणून लिहिलेला आंकडा यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. दुसऱ्या प्रकारचें खत हें एकटें नसतें. त्याच्या मागें तीन वर्षांचें एक, त्याच्या मागें आणखी एक, अशी मालिका असते, आणि ती बहुधा एकाच दोऱ्यांत बांधलेली असते. तो दोरा सोडून कागद सालवार किंवा आकारवार लावले कीं मालिका तुटली. मग वरील नऊ वर्षांच्या हिशेबासारखा हिशेब कोणासहि मांडतां येणार नाहीं. लिहून देणाराची निशाणी पाहावी. कुणब्याची निशाणी नांगर असते, व अक्षरशून्य माणसानें काढलेला हा वांकडा नांगर, ज्या जमिनीवर तो चालावयाचा तीच गहाण टाकण्याच्या कागदाखालीं असतो. साक्षीदार कोण, लेखक कोण, तोच लेखक किती खतांत आहे, हेंहि टिपून ठेवावें.

आणि खताची पाठ अवश्य पाहावी. भरणा झाला तर तो बहुधा खताच्या पाठीवर मांडला जाई; निराळी पावती देण्याची चाल खेड्यांत क्वचितच होती. १८७५ मध्यें श्रीगोंद्यास किंवा पारनेरास खत जाळणाऱ्या कुणब्यानें आपल्या देण्याबरोबर आपण केलेल्या फेडीचाहि एकुलता एक पुरावा जाळला. सावकाराच्या रोजकीर्द-खतावणींत त्याची दुसरी बाजू असेल; तीहि पुष्कळ ठिकाणीं त्याच आगींत गेली. म्हणून त्या तालुक्यांतून १८७५ च्या आधींचें बासन आज शाबूत मिळालें तर तें दंगा न झालेल्या गांवचें, अथवा दंग्यांत लपविलेलें असण्याचा संभव फार.

शेवटीं एक बारीक गोष्ट. कर्ज फिटलें म्हणजे सावकारानें खत फाडून ऋणकोच्या हवालीं करावयाचें, अशी रीत होती. 'खत फाडणें' हा शब्दप्रयोग त्यावरूनच भाषेंत आला. यामुळें सावकाराच्या बासनांत जीं खतें सापडतात तीं अखंड, स्वच्छ व वाचण्यास सोयीचीं असतात. आणि कुणब्याच्या घरीं, देव्हाऱ्याखालीं किंवा उतरंडीच्या मडक्यांत, सांपडलींच तर तीं वरच्या अंगास फाटलेलीं असतात. संग्राहक पहिलीं घेतात व दुसरीं टाकतात. फाटलेल्या खताचे दोन्ही तुकडे ज्या घरांत एकत्र बांधून ठेवलेले मिळतील, त्या घरच्या वडील मंडळीस तें खत केव्हांचें व कोणतें शेत सुटल्याचें, एवढें विचारून कागदाच्या पाठीवर शिसपेनीनें टिपून घ्यावें.